सिडकोच्या कट्ट्यावर 'कोहिनूर'

ऑक्टोबर 2019. दसरा होऊन गेलाय, दिवाळी पंधरा दिवसांवर आलीय आणि पाऊस अजून जायचं नाव घेत नाही. तुम्ही नाशिकच्या सिडकोत, त्रिमूर्ती चौकातून आत वळणाऱ्या एका गल्लीत उभे आहात. सिडकोनं दिलेली बैठी घरं, त्यांच्यावर मालकांनी ऐपतीप्रमाणे चढवलेले मजले, बाहेरून लोखंडी जिना, जिन्याखाली ताडपत्रीत गुंडाळलेली मोटरसायकल. प्रचाराची रिक्षा भोंगा लावून आत्ताच पुढं गेली. विधानसभेचं मतदान 21 तारखेला आहे. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात कांद्याचा विषय चाललाय. 29 सप्टेंबरला केंद्रानं निर्यात बंद केली, तेव्हापासून निफाडकडचे पाहुणे फोनवर दुसरं काही बोलत नाहीत. गाड्यांच्या धंद्यात मंदी आहे, म्हणून अंबडला सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत जाणारे बरेच बाप आज भरदिवसा घरात आहेत.

एका घराच्या पायरीवर चार पोरं बसलीत. मध्ये एक फोन, तोही स्टीलच्या पातेल्यात ठेवलेला. पातेल्यात ठेवला की आवाज मोठा येतो आणि खालचा बेस अंगात घुमतो, हे त्यांना कुणी शिकवलेलं नाही. आतून आईची हाक येते, "अरे, ते पातेलं दे, दूध तापवायचंय." पोरं म्हणतात, "दोन मिनिटं, मम्मी." दोन मिनिटांत ते द्यायचं त्यांच्या मनात नाही. डिव्हाइनचा पहिला अल्बम आलाय. नाव 'कोहिनूर'.

तुम्ही पायरीच्या कडेला टेका. कुणी हटकणार नाही. आपापल्या घरी न जाणारं माणूस या कट्ट्याला नवं नाही.

डिव्हाइन म्हणजे रॅपर विव्हियन फर्नांडिस. अंधेरी पूर्वेच्या जे. बी. नगरकडच्या वस्तीतला, आजीच्या हाताखाली वाढलेला, वय एकोणतीस. सहा वर्षं त्याची गाणी एकेक करून येत राहिली आणि या पोरांनी ती तशीच, एकेक करून पाठ केली. अल्बम मात्र नव्हता. आपल्याकडे अल्बम म्हणजे सिनेमाची गाणी किंवा गणपतीतली कॅसेट. एका माणसानं स्वतःच्या नावावर सात-आठ गाणी रचून "हा मी" म्हणून समोर ठेवायची, ही गोष्ट या पायरीवर पहिल्यांदाच घडतेय. म्हणून पोरांनी ठरवून मधलं काही पुढं ढकललेलं नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमानं ऐकायचं, असा नियम आयटीआयचा शर्ट घातलेल्यानं घालून दिलाय.

पहिल्या खेपेला कुणी बोलत नाही. 'वाईब है' लागतं. त्यात डिव्हाइनसोबत डी-एव्हिल, आवृत्ती आणि शाह रूल आहेत. प्रत्येकाला आपला तुकडा, प्रत्येकाची बोलायची ढब निराळी. पोरांनी आपसात एकेक आवाज वाटून घेतलाय, हे तुम्हाला त्यांच्या ओठांवरून कळतं. 'गांधी मनी' लागतं तेव्हा पैशाच्या उल्लेखावर दोघं एकमेकांकडे बघतात. 'चल बॉम्बे' लागतं आणि सगळ्यात लहान पोरगा बसल्या जागी खांदे हलवायला लागतो.

मग बोलणं सुरू होतं.

"भारी आहे भो, पण गुळगुळीत झालंय," चष्मेवाला म्हणतो. "मिक्सिंग बघ, एकदम फॉरेन. आधीच्या गाण्यांत रस्त्याचा आवाज यायचा."

"म्हणजे त्यानं जन्मभर फाटक्या माइकवरच बोलायचं का?" आयटीआयवाला.

"तसं नाही. पण नाचायचं गाणं टाकलं ना त्यानं. हे लागलं लग्नाच्या वरातीत."

"लागू दे की. तुझ्या भावाच्या वरातीत आपणच लावू."

टोपीवाला एवढा वेळ गप्प होता. तो म्हणतो, "कंपनीनं घेतलं त्याला. एमिवे बघ, कुणाच्या कंपनीत नाही, स्वतः करतो सगळं." झालं. आता पुढची दहा मिनिटं एमिवे बंटाय मोठा की डिव्हाइन मोठा, यावर जातील.

या भांडणात कोण बरोबर हे ठरवायचं, तर आधीच्या गाण्यांतला तो रस्त्याचा आवाज तुम्हाला स्वतः ऐकायला हवा. तेव्हा सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडा. नाशिकरोडच्या फलाटावर पासवाल्यांची गर्दी नेहमीचीच. त्यांच्या ठरलेल्या जागा, ठरलेले भजनवाले. तुम्ही दाराशी उभे राहा. इगतपुरी गेली की बोगदे लागतात. घाट उतरून कल्याण, ठाणे मागं टाकत दादरला उतरलात की साल 2013 आहे.

पश्चिम रेल्वेनं अंधेरी. पूर्वेला बाहेर पडलात की अंधेरी-कुर्ला रस्ता खोदलेला. डोक्यावर मेट्रोचे खांब आणि अर्धवट पूल. ती गाडी धावायला 8 जून 2014 उजाडणार आहे, म्हणून तोवर सगळ्यांनी धूळ खात बसनंच जायचं. दर काही मिनिटांनी विमान इतकं खालून जातं की बोलणं थांबवावं लागतं. चकाल्याच्या पुढं चाळी आणि झोपड्या आणि एकाएकी काचेची ऑफिसं, सगळं खेटून. याच भागातल्या पोरानं या वर्षी 'ये मेरा बॉम्बे' केलंय.

त्याच्याकडे जरा नीट बघा. शाळेत असताना एका मित्राच्या टी-शर्टवर त्यानं फिफ्टी सेंट हा अमेरिकी रॅपर पाहिला आणि हे संगीत त्याच्या आयुष्यात आलं. सुरुवात त्यानं इंग्रजीत केली, कारण हे गाणं इंग्रजीतच असतं असं तेव्हा सगळे धरून चालले होते. 'मुंबईज फायनेस्ट' नावाच्या टोळक्यात तो होता. आता त्यानं आपल्या गल्लीत जशी हिंदी बोलतात तशी धरलीय, मराठी, कोकणी, गुजराती, दखनी सगळ्यांचं पाणी प्यायलेली ती मुंबईची हिंदी. व्हिडिओत दिसतात ती माणसं कामाला निघालेली आहेत. सजवून उभी केलेली वाटत नाहीत. चष्मेवाला ज्याला रस्त्याचा आवाज म्हणाला तो हा, आणि तो खरंच आहे. त्याची तक्रार उगाच नव्हती.

पुढचं वर्ष फार थांबू नका. जानेवारी 2014 मध्ये कुर्ल्याचा नावेद शेख, म्हणजे नेझी, आयपॅडवर व्हिडिओ काढून 'आफत' टाकतो. घरातल्या वस्तूनं, कुणाचीही परवानगी न मागता गाणं जगापुढं ठेवता येतं, हे त्यानं दाखवून दिलं. एप्रिल 2015 मध्ये दोघं मिळून 'मेरे गली में' करतात. त्याचं संगीत दिल्लीच्या सेझनं बांधलेलं. ते गाणं तुमच्या नाशिकला पोचलं, तेव्हा सिडकोतली ही चार पोरं आठवी-नववीत होती. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि गाणं मेमरी कार्डावर मागून घ्यायचे दिवस संपले. मुंबईतली गल्ली आणि सिडकोची गल्ली एकाच दिवशी एकच गाणं ऐकू लागल्या. हे आधी सिनेमाशिवाय कशानंच घडलेलं नव्हतं.

इथून परत फिरता येईल. पण आणखी मागं चला. नाशिकचं माणूस हे सगळं बाहेरून आलेलं धरून चालतं, आणि तसं धरून चालायचं नाशिकला काही कारण नाही.

1943. शिवडीच्या चाळी. गिरणीचा भोंगा, कापसाची कणी, नळावरची रांग. एकवीस वर्षांचा एक माणूस इथं राहतो, वामन तबाजी कर्डक. गाव देशवंडी, तालुका सिन्नर, जिल्हा नाशिक. शाळा त्याला मिळालेली नाही. अक्षरं तो मोठेपणी, इथं मुंबईत शिकलाय. कुणीतरी पत्र वाचून द्यायला सांगितलं आणि ते वाचता आलं नाही, त्याची लाज त्याच्या मनात घर करून राहिली होती. बाबासाहेबांच्या समता सैनिक दलात त्याची ऊठबस आहे. या वर्षी तो पहिलं गाणं रचतो, आणि कशावर? एका हिंदी सिनेमाच्या गाण्याच्या चालीवर. चाल उसनी, शब्द आपले.

इथं दोन घटका थांबा, कारण 2019 च्या पायरीवरची पोरं हेच करतात. यूट्यूबवर 'टाइप बीट' म्हणून फुकट मिळणारी बीट उतरवून घेतात, कुणा परदेशी पोरानं आपल्या खोलीत बसून बनवलेली, आणि तिच्यावर सिडकोचे शब्द चढवतात. ज्याच्याकडे वाद्य घ्यायला पैसे नाहीत तो समोर वाजत असलेल्या गाण्याची चाल घेतो. वामनदादांनी घेतली, त्यांच्या आधीच्या जलसाकारांनी घेतली. त्यात कमीपणा त्यांना कधी वाटला नाही, कारण लोकांच्या कानात चाल आधीच बसलेली असली की शब्द लवकर पोचतात, हा त्यांचा हिशेब होता.

आता त्यांच्या मागोमाग चालत राहा. खेड्यापाड्यांतून, भीमजयंतीच्या मांडवांतून, गॅसबत्तीच्या उजेडात. गाणं एका गावात म्हटलं की दुसऱ्या गावात त्यांच्या आधी पोचलेलं असतं. कितीतरी गायक त्यांची गाणी गातात, कितीतरी बाया ती जात्यावर नि शेतात म्हणतात, आणि रचणाऱ्याचं नाव म्हणणाऱ्याला ठाऊक असेलच असं नाही. त्यांचा पहिला संग्रह, 'वाटचाल', छापून आला तो 1973 साली. पहिल्या गाण्यानंतर तीस वर्षांनी. पुस्तक हातात पडलं तेव्हा ऐकणाऱ्यांना त्यातलं पुष्कळसं आधीच पाठ होतं.

डिव्हाइनला सहा वर्षं लागली, वामनदादांना तीस. दोघांचा काळ वेगळा, दोघांचं ओझंही वेगळं. वामनदादांच्या गाण्यामागं बाबासाहेबांची चळवळ होती, पाणी आणि माणूसपण मागणाऱ्यांची लढाई होती. अंधेरीच्या पोराला पुढं जायचं बळ मिळालं ते स्वतःच्या नावानं उभं राहण्याच्या हट्टातून. दोघांना एका ओळीत बसवणं मला मान्य नाही. पण ऐकणाऱ्यांच्या बाजूनं पाहिलं तर एक गोष्ट दोन्हीकडे सारखी घडली. गल्लीनं त्यांना आधी उचललं, वही-पुस्तक आणि अल्बम मागून आले. म्हणून पहिला संग्रह हाती आला की ऐकणारा नव्या गिऱ्हाइकासारखा नुसतं आवडलं-नावडलं सांगत नाही. तो ओळखीच्या माणसाची झडती घेतो: आपल्यातून गेलास, आता कुठं आहेस ते सांग.

परतीच्या गाडीला कसाऱ्याला मागून इंजिनं लागतात, ती घाट चढते. नाशिकरोडला उतरलात की 14 फेब्रुवारी 2019.

मल्टिप्लेक्समध्ये झोया अख्तरचा 'गली बॉय' आजच लागलाय. संध्याकाळच्या खेळाला पोरं टोळीनं आलीत. पडद्यावर रणवीर सिंग धारावीत राहतो आणि डिव्हाइन-नेझीच्या आयुष्यातून उचललेले प्रसंग जगतो. 'अपना टाइम आएगा' लागतं. शब्द डिव्हाइनचे आणि अंकुर तिवारीचे, आवाज रणवीरचा. थिएटर उभं राहून ओरडतं. मध्यंतरात फोन उघडतात आणि पुलवामाच्या हल्ल्याची बातमी सगळ्यांच्या हातात येते. लोक पॉपकॉर्नच्या रांगेत तसेच खिळून राहतात. त्या दिवशी सिनेमा पाहिलेल्या माणसाला विचारा, त्याला दोन्ही गोष्टी एकत्रच आठवतात.

सिनेमानं काय केलं? कालपर्यंत जे गाणं ऐकलं म्हणून घरात ओरडा बसायचा, ते एका आठवड्यात वडिलांच्या फोनची रिंगटोन झालं. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कचा रॅपर नास याची मास अपील कंपनी युनिव्हर्सलबरोबर भारतात उतरली आणि तिनं पहिला कलाकार म्हणून डिव्हाइनला घेतलं. सिडकोच्या पोरांना याचा अभिमानही वाटला आणि पोटात गोळाही आला. आता तो सगळ्यांचा झाला होता.

हे सगळं पाहून पुन्हा पायरीवर या. ऑक्टोबर, पाऊस, पातेलं. 'कोहिनूर' दुसऱ्यांदा लागलाय.

आता तुम्हाला अल्बम वेगळा ऐकू येईल. गुळगुळीतपणा आहे, ते खरंच. आवाज स्वच्छ आहेत, बीट महागडी आहे, आणि 2013 च्या त्या खोदलेल्या रस्त्याची धूळ यात नाही. माझं मत विचाराल तर ती धूळ थोडी हवी होती. एखाद-दुसऱ्या गाण्यात तो आपल्या यशाकडे इतका टक लावून बघतो की मागची माणसं पुसट होतात. पण 'वाईब है' मध्ये त्यानं जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. पहिल्याच अल्बमात, जिथं माणूस सगळी जागा स्वतःसाठी ठेवतो, तिथं त्यानं गल्लीतल्या बाकीच्यांना आपल्या बरोबरीनं उभं केलं. कट्ट्यावर बसून गाणारा माणूस एकटा गात नाही, पाळी पाळीनं गातो. ती रीत त्यानं महागड्या स्टुडिओतही सोडली नाही. चष्मेवाल्याला जो रस्त्याचा आवाज सापडत नव्हता तो तिथं आहे. फक्त आता ट्रॅफिकचा नाही, माणसांचा आहे.

आणि चष्मेवाल्याचा राग मला आवडतो. सिनेमाचं गाणं बिघडलं म्हणून कुणी पायरीवर बसून तासभर असं तळतळत नाही. आपल्या घरातलं माणूस बाहेर जाऊन वेगळं बोलायला लागलं की जसा राग येतो तसा हा राग आहे.

"ते सोड," टोपीवाला म्हणतो. "एक सांग, मराठीत का नाही कोणी?"

"आहे की. हे ऐक." आयटीआयवाला फोन पातेल्यातून काढतो आणि मुंबईच्या स्वदेसी या गटाचं 'वारली रिव्होल्ट' लावतो. त्यात आरे कॉलनीतले प्रकाश भोईर आहेत, जंगल आणि जमिनीचं बोलणारे. याच महिन्यात, 4 ऑक्टोबरच्या रात्री, आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडली. 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयानं तोड थांबवली, तोवर पुष्कळ झाडं पडून गेली होती. पोरांनी ते सगळं फोनवर पाहिलंय. आता गाणं ऐकताना त्यांचे चेहरे बदलतात. स्वदेसीत एमसी मवाली मराठीत म्हणतो, हेही आयटीआयवाला अभिमानानं सांगतो, जणू तो त्याचा मामेभाऊ आहे.

"पण हे मुंबईचं," लहान पोरगा म्हणतो. "आपलं नाशिकचं कुठंय?"

तुमच्या तोंडावर उत्तरं येतात. तुम्हाला पुढचं माहीत आहे. पुढच्या वर्षी पुण्याच्या ताडीवाला रोडचा एमसी स्टॅन 'तडीपार' घेऊन येईल, आणि 2023 मध्ये हाच पोरगा बिग बॉस जिंकेल. त्याच वर्षी अमरावतीचा सौरभ अभ्यंकर एमटीव्हीच्या 'हसल' या रॅप स्पर्धेत वऱ्हाडी बोलीत उभा राहील आणि आख्खा महाराष्ट्र त्याच्या तुकड्यांचे व्हिडिओ एकमेकांना पाठवेल. मागचंही तुम्हाला माहीत आहे, इथून तासाभराच्या वाटेवरच्या देशवंडीचं. पण पुढचं सांगण्यात अर्थ नाही. मागचं तेवढं सांगून बघा.

तुम्ही वामनदादांचं नाव घेता. आयटीआयवाला चमकून बघतो. "ते? आमच्या आजोबांकडे कॅसेट आहे त्यांच्या गाण्यांची. जयंतीला लावतात." मग जरा थांबून, "ते पण यमक जुळवायचे ना कडक."

"नुसतं यमक नाही, लोक उभे राहायचे," तुम्ही म्हणता, आणि उसन्या चालीवर रचलेल्या पहिल्या गाण्याची गोष्ट सांगता. टोपीवाल्याला ती एकदम पटते. "म्हणजे टाइप बीटच की."

आतून आई पुन्हा हाक मारते. या वेळी ती बाहेर येऊन पातेलं उचलूनच नेते. फोन पायरीवर, आवाज निम्मा. त्यामुळे म्हणा की आणखी कशानं, लहान पोरगा दप्तरातून गणिताची वही काढतो आणि शेवटचं पान उघडतो. त्यावर आधीच्या खाडाखोडी आहेत, हिंदीत. तो त्या तिरप्या रेघेनं मारतो. एक साधी बीट लागते, ढोलासारखी जड. नाशिकच्या पोराला ढोल शिकवावा लागत नाही, मिरवणुकीत खांद्यावर बसल्यापासून तो त्याच्या छातीत वाजतोय.

"सुरुवात कुठून करू?"

"घरापासून कर. डिव्हाइननं अंधेरीपासून केली."

"आपलं काय आहे? पाथर्डी फाटा."

"लिही. फाट्याला काय जुळतं?"

"वाटा. घाटा. काटा."

"घाटा घे. पप्पांची कंपनी चार दिवस बंद आहे, ते येऊ दे त्यात."

"पप्पा ऐकतील ना."

"ऐकू दे," चष्मेवाला म्हणतो आणि वहीवर वाकतो. "दुसऱ्या ओळीत मुंबई नाका टाक. नाका, हाका, धाका... अजून काय? अरे, बोला ना पटकन, बीट संपतेय."